गळ्यावरचा हात

माझ्या लेकीची तीन बोटं लातूरच्या शाळेपायी मोडली, असं आमच्या घरात अजून सगळे म्हणतात. मी तसं म्हणत नाही. पण ती मोडली तेव्हा मी चार हात अंतरावर, स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होते आणि तोंडातून शब्द काढला नाही, हे आधीच लिहून ठेवते. नंतर लिहीन म्हटलं तर मी ते टाळेन.

आमचं गाव मुखेडच्या बाजूला. मोठा दुष्काळ पडला तेव्हा पोरगी दीड वर्षाची होती. मी खडी फोडायला जायची आणि ती ढिगाशेजारी बसायची. मध्येच तिला ताप आला, आठ दिवस उतरला नाही. उतरल्यावर मी तिला परत कामावर नेलं. दुपारी खदानीत सुरुंग उडाला. बायकांची सगळी लेकरं किंचाळली. माझी खड्यावर खडा रचत बसली होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही. मला तेव्हाच कळलं. त्याच साली नवराही तापानं गेला आणि आम्ही दोघी थोरल्या दिराच्या घरात उरलो.

बहिऱ्या पोरीला हाक मारून उपयोग नसतो. आमच्या घरात तिला ढेकूळ मारून बोलवायचे. जाऊ लहानसं मारायची, पाठीवर. तिची पोरं नेम धरायची. दीर हाताला येईल ते भिरकवायचे. तिच्या डोक्यात चार ठिकाणी खोका पडलेल्या होत्या, तिथं केस उगवले नाहीत. मग तीही तशीच झाली. भूक लागली की मला दगड मारायची. एकदा तिनं वासराचा डोळा फोडला. तेव्हा मी तिला दोरीनं बांधून मारलं. खाटेच्या पायाला बांधलं होतं. तिच्या तोंडातून जो आवाज निघत होता तो माणसाचा वाटत नव्हता, आणि तो बंद व्हावा म्हणूनच मी जास्त मारत होते.

लातूरचा जिल्हा वेगळा झाला तेव्हा पोरगी अकरा-बारा वर्षांची होती. तिथं कचेऱ्या आल्या आणि पाठोपाठ एका भाड्याच्या इमारतीत बहिऱ्या मुलांची निवासी शाळा निघाली. आमच्या ग्रामसेवकानं सांगितलं. मी दिरांशी समोरासमोर बोलत नसे. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरापुढं तोंड उघडायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. जावेकडून विचारलं. दीर पलीकडच्या खोलीतूनच म्हणाले, "जाऊ दे म्हणावं. वासरं तरी वाचतील."

त्या शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत मास्तरांची शाळा भरायची. हेडमास्तरांनी मला समजावून सांगितलं. बहिऱ्या मुलांना शिकवायला नुसतं मास्तर होऊन भागत नाही, वर आणखी एक वर्षाचं शिक्षण लागतं. कान, घसा, जीभ यांचा अभ्यास असतो. शेवटी बाहेरगावचे साहेब येतात, त्यांच्यासमोर पाठ घ्यावा लागतो, तेव्हा सर्टिफिकेट मिळतं. मी ऐकतच राहिले. जिला बोलवायला आमच्याकडं ढेकूळ पुरायचं, तिला शिकवायला कुणीतरी परीक्षा देत होतं.

शिकणाऱ्या प्रत्येक बाईला एक पोर नेमून दिलेलं असायचं. वर्षभरात त्या पोराचा आवाज काढायचा आणि परीक्षेला तेच पोर साहेबांसमोर बसवायचं. माझी लेक ज्या बाईंना मिळाली त्या बावीस-तेवीस वर्षांच्या, उदगीरच्या एका दुकानदाराची मुलगी, चष्मा लावणाऱ्या, शीघ्रकोपी. हेडमास्तरांनी मला दुसरी गोष्टही सांगितली. "जागा थोड्या आहेत आणि दारात पोरं लई. वर्षाअखेर ज्याचा आवाज निघणार न्हाई, त्याला आम्ही घरी पाठवतो. मग रडत बसायचं न्हाई."

पहिल्याच दिवशी बाईंनी माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. मी ओढून घ्यायला लागले.

"अहो ताई, भिताय काय? दाबून ठेवा." मग त्या "आऽ" म्हणाल्या आणि माझ्या तळव्याला भुंगा अडकल्यासारखं झालं. "कळलं का? तिला कानानं येत नाही ते असं हातानं येतं. एक हात माझ्या गळ्यावर, एक तिच्या. माझ्यासारखं तिच्या गळ्यात झालं की आवाज आला."

बाईंची पाठाची वही मी पुढं पुष्कळदा वाचली. मी चौथी शिकले, सावकाश वाचता येतं. प्रत्येक पाठावर 'साहित्य' म्हणून लिहिलेलं असायचं : आरसा, मेणबत्ती, कागदाचा तुकडा, चित्रं. लाकडी पट्टी कुठल्याच पाठात लिहिलेली नव्हती, पण ती रोज असायची. पोरीनं पाणी मागायला अंगठा तोंडाशी नेला की पट्टी आडवी न करता उभी, धारेवर, बोटांच्या पेरांवर बसायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बाई मला म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. हातानं खुणा केल्या की जीभ आळशी होते, असं आम्हाला शिकवलंय." मला वाईट वाटलं नव्हतं. ढेकळापेक्षा पट्टी बरी, असं मी मनात म्हणाले होते.

दिवाळीच्या सुट्टीला मी तिला न्यायला गेले. बाई दारापर्यंत आल्या. "सवय मोडू देऊ नका. कुणी बोलायला लागलं की ती गळ्याला हात लावून बघेल. लावू द्या. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाही तर लोक दचकतात."

"हाव," मी म्हणाले.

अहमदपूरला एसटी बदलली. गाव येईपर्यंत मी मनात तेच जुळवत होते. अक्का, ती गळ्याला हात लावंल, तसं शिकवलंय तिला. एवढंच वाक्य. घरी पोचलो तर जाऊ चकल्या तळत होती, शेजारणी बसलेल्या होत्या. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पोरीनं जावेच्या धाकट्याचा गळा धरला, मग माझा, मग हंबरणाऱ्या म्हशीचा. म्हशीचा गळा धरून ती हसत सुटली. असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. जाऊ म्हणाली, "काय करून राहिली गं ही? म्हशीला मुके देती का?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणाले, "काय न्हाई अक्का, खेळती."

आम्ही लिंगायत. दिरांच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असायचं, दोऱ्यात ओवलेलं. रोज सकाळी आंघोळ करून ते लिंग तळहातावर घ्यायचे, भस्म लावायचे, बेल वाहायचे आणि पुन्हा गळ्यात घालायचे. घालून झाल्यावरही बराच वेळ डोळे मिटून पुटपुटत बसायचे. त्या वेळी त्यांच्या सावलीतही कुणी जात नसे.

चौथ्या दिवशी पोरगी त्यांच्यासमोर जाऊन बसली. मी चौकटीतून पाहत होते. ती त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडं बघत होती. पुढं काय होणार ते मला कळलं होतं. तरी हाक मारून काय उपयोग, ती बहिरी, आणि दिरांना हाक मारायची नाही. मी तशीच उभी राहिले. तिनं उजवा हात उचलला आणि त्यांच्या गळ्यावर ठेवला.

दीर ओरडून मागं झाले. तिची बोटं दोऱ्यात अडकली होती. दोरा तटकन तुटला, डबी फरशीवर पडून उघडली आणि लिंग घरंगळत पाटाखाली गेलं.

लिंग अंगावरून सुटून भुईला लागणं म्हणजे आमच्यात मरणासारखं. दिरांचं तोंड पांढरं पडलं. मग ते लाल झालं. "गळा दाबायला आली! माझा गळा दाबायला आली!" असं ओरडत त्यांनी तिची वेणी धरून तिला आडवं पाडलं. तिचा उजवा हात फरशीवर पसरला, मनगटावर पाय दिला आणि पूजेचा पितळी तांब्या उचलून बोटांवर घातला. एकदा नाही. तांब्यातलं पाणी सगळीकडं उडत होतं. तांब्या चेपला तरी ते मारत होते. तिच्या गळ्यातून मोठा, सरळ, लांब आवाज येत होता आणि इतक्या महिन्यांत बाईंना तो काढता आला नव्हता, हे माझ्या डोक्यात त्याही वेळी येऊन गेलं. अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय येतं याची लाज वाटते.

जावेनं शेवटी दिरांचा हात धरला. माझ्याकडं वळून म्हणाली, "बघत काय उभी हायस? उचल तुझं भूत!"

मठातल्या स्वामींना बोलावणं गेलं. लिंग धुऊन, पूजा करून नव्या दोऱ्यात दिरांच्या गळ्यात घातलं. घर धुतलं. पोरीच्या हाताकडं दुपार टळून गेल्यावर कुणीतरी पाहिलं. हाडवैद्यानं बांबूच्या काड्या लावून बोटं बांधली. दोन काड्या, वर चिंध्या. संध्याकाळी दीर अंगणातून जावेला म्हणाले, मला ऐकू येईल असं, "तिला सांग, ही पोरगी पुन्ना ह्या दारात दिसली तर हिरीत ढकलीन. मोकळं सांगून राहिलो."

म्हणजे आता शाळेनं तिला काढलं तर तिला जायला जागा नव्हती.

सुट्टी संपायच्या आधीच मी तिला लातूरला घेऊन आले. बाईंनी विचारलं तर म्हणाले, ओट्यावरून पडली. हात बांधलेला, तिला जेवता येईना, म्हणून मी थांबले. स्वयंपाकाची बाई सोडून गेली होती, तिच्या जागी मला भाकरी थापायला ठेवून घेतलं.

बोटं वाकडी जुळली, पण जुळली. आवाजाचं काम मात्र थांबलं. ती बाईंच्या गळ्याला हात लावीना. बाईंनी तिचा हात धरून गळ्याकडं नेला की ती डोकं दोन्ही दंडांत घालून खाली बसायची. बाई आधी गोड बोलल्या, मग चिमटे, मग पट्टी. वर्गाच्या खिडकीतून मला पट्टीचा आवाज यायचा आणि मी भाकरी जोरात थापायची. संक्रांत झाली. इतर बायांची पोरं 'पाय', 'बाबा' म्हणायला लागली होती. हेडमास्तर मला पाहून म्हणाले, "तुमच्या पोरीचं काय, ताई? एप्रिलमधी साहेब येणार."

त्या दिवशी मी तिला नळापाशी धरलं. तिचा वाकडा हात माझ्या गळ्यावर दाबला आणि "आऽ" केलं. तिनं ओढून घेतला. मी थोबाडीत दिली. पुन्हा हात दाबला, पुन्हा तिनं ओढला. मी मोजलं नाही, पण माझा हात दुखेपर्यंत मारलं. "धर की! धर की गळा! हिरीत जायचंय का?" मी ओरडत होते, जणू तिला ऐकू येत होतं. नाकातून रक्त आलं तेव्हा थांबले.

मागं बाई उभ्या होत्या, हातात पट्टी. "ताई, हे काय? विहिरीचं काय म्हणालात?"

मग मी सांगितलं. लिंग, तांब्या, सगळं. इतकं सलग मी कुणापुढं बोलले नव्हते.

बाईंनी शांतपणे विचारलं, "घरच्यांना सांगून ठेवा म्हटलं होतं. सांगितलं होतं का?"

"न्हाई."

"का?"

"लाज वाटली."

बाईंनी हातातली पट्टी माझ्या दंडावर मारली. उभी, धारेवर. "आणि तीन महिने मी तिला मारतेय! हट्टी म्हणून मारतेय!" दुसऱ्यांदा मारली तेव्हा पट्टी मोडली. मला ती लागली, आणि खरं लिहायचं तर लागल्यानं मला बरं वाटलं. मग बाई नळाच्या कट्ट्यावर बसल्या आणि चष्मा काढून रडल्या. "आमच्या अभ्यासात कानाचं एकेक हाड आहे," त्या म्हणाल्या. "पोरगं सुट्टीत कुठल्या घरात जातं ते कुठंच नाही."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी वेगळंच काढलं. वर्ग सुटल्यावर त्या फरशीवर मांडी घालून बसायच्या, पोरीपेक्षा खाली, आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं ओढणीनं माझ्याकडून बांधून घ्यायच्या. मान वर करून गळा उघडा ठेवायच्या. चारपाच दिवस पोरगी भिंतीला टेकून नुसती पाहत राहिली. मग एक दिवस तिनं येऊन बाईंच्या तोंडावर मूठ मारली. ओठ फुटला. मी धावले. "तिथंच थांबा," बाई म्हणाल्या. तिनं पुन्हा मारलं. केस ओढले, चष्मा उडवला, खांद्याला चावली. सगळ्या ढेकळांचं, पट्ट्यांचं आणि माझ्या थोबाडीतल्यांचं ती त्या एका बाईवर फेडून घेत होती. बाईंनी हात सोडवायला सांगितलं नाही.

असं आठवडाभर चाललं. शेवटी तिनं गळा धरला. धरला म्हणजे दाबला, दोन्ही हातांनी, ती वाकडी बोटंसुद्धा रुतवून. बाई "आऽ" म्हणत राहिल्या. आवाज घोगरा झाला, मग खरखर झाली, डोळे तांबडे झाले. मी पोरीच्या केसांना हात घातला होता, एवढ्यात तिची पकड सैल झाली. तिच्या तळव्यात काहीतरी आलं असावं. तिनं एक हात काढून स्वतःच्या गळ्याला लावला.

पण सवय तशीच राहिली. आवाज काढायचा तर आधी गळा आवळायचा, त्याशिवाय तिला येईना. बाईंच्या मानेवर नखांचे ओरखडे बारा महिने असल्यासारखे दिसायचे. इतर बाया म्हणायच्या, "काय गं, नवरा केलास का मांजर पाळलंस?"

एप्रिलमध्ये साहेब आले. मला दाराबाहेर थांबवलं होतं, पण दार उघडं होतं. बाईंनी आंब्याचं चित्र दाखवलं. पोरगी पुढं झाली आणि तिनं बाईंचा गळा आवळला. साहेब खुर्चीवरून उठले. हेडमास्तर "अरे अरे" करत धावले. बाईंनी हातानं त्यांना थांबवलं आणि दबल्या आवाजात "आंबा" म्हणाल्या. पोरगी म्हणाली, "आ-बा." मग 'पाय'. मग 'बाबा'. तिन्ही शब्द साहेबांनी ऐकले, सगळ्यांनी ऐकले.

साहेबांनी तिचा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "ही बोटं कशानं मोडली? बाई, तुम्ही पट्टी वापरता?"

"वापरत होते," बाई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हीच?"

बाईंनी दाराकडं पाहिलं. घरची गोष्ट माझी होती, ते सांगणं त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मी पदर नीट केला आणि आत गेले. साहेबांच्या बुटांकडं बघत म्हणाले, "बाईंनी न्हाई साहेब. माझ्या थोरल्या दिरानं मोडली. तांब्यानं. ती त्यांचं बोलणं बघायला गेली होती आन मी कुणाला सांगितलं नव्हतं." साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

दोन दिवसांनी हेडमास्तरांनी स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. पोरीचा आवाज निघाला, तिचं नाव पुढच्या वर्षाला घातलंय. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते बाजूला सरकले. "माझ्या कशाला पडता? त्या बाईच्या पडा. साहेबांनी नापास केलं तिला."

"आवाज निघाला न्हवं?"

"निघाला की. पण मुलावर ताबा न्हाई, असं लिवलंय. पोर अंगावर धावून येतं, बाई काय करत न्हाई. ताब्याचे मार्क लई असतात."

बाईंची ट्रंक मी स्टँडपर्यंत उचलली. पोरगी आमच्या मागं येत होती. उदगीरची गाडी लागलेली होती. बाई खिडकीशी बसल्या. मानेवरचे ओरखडे झाकायला त्यांनी उन्हाळ्यातही ओढणी घट्ट लपेटली होती.

"परत येणार का, बाई?"

"येणार तर. जूनमध्ये. वर्ष पुन्हा करायचंय. दुसरं पोर मिळेल."

मी आजवर त्यांना आपण होऊन काही विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं, "त्याला पट्टी लावणार का?"

ड्रायव्हर चढला, गाडी थरथरायला लागली.

"मला पास व्हायचंय, ताई," त्या म्हणाल्या.

गाडी गेली. पोरगी माझा पदर ओढत होती, तिला भूक लागली होती. आम्ही शाळेकडं निघालो. संध्याकाळच्या भाकरी अजून व्हायच्या होत्या.